विहिरीत निघालेला अंडा

ऑफिसात बातमी आली ती एका ओळीची होती. नेवासे तालुक्यात, प्रवरेकाठच्या एका गावी, विहीर खणताना मोहरांचा हंडा निघाला. ती आणणारा माणूस बैलांचा दलाल होता आणि घोडेगावच्या बाजारातून परतत होता. त्याने स्वतः हंडा पाहिला नव्हता. ज्याने पाहिला त्याला भेटलात का, असे विचारल्यावर तो म्हणाला, त्याच्या मेहुण्याला भेटलो.

आमचे साप्ताहिक नगरमधून निघत असे. लढाई संपून वर्ष झाले नव्हते, कागदाची टंचाई होती, आणि अंकाची पाने इतकी कमी झाली होती की एक ओळ घालायची तर दुसरी काढावी लागे. संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हंडा निघाला असं छापायचं नाही. निघाल्याचा बोभाटा आहे, असं छापता येईल. पण बोभाटा कुणी केला, ते आधी बघून या."

त्या दिवसांत कापड आणि रॉकेल यांवर सरकारी नियंत्रण होते. कुणाच्या अंगावर नवे धोतर दिसले की ते कुठून आले, हा प्रश्न लोकांच्या तोंडी आधी येई. त्या हवेत हंड्याची बातमी कशी पसरत असेल, याची कल्पना होती. ती जितकी लवकर पसरली तितका माझा तिच्यावरचा विश्वास कमी होत गेला.

सर्व्हिस मोटारीने घोडेगावला उतरलो. बाजाराचा दिवस होता. बैलांच्या दावणीत उभ्या असलेल्या दोघा शेतकऱ्यांपाशी विषय काढला, तर तो काढावा लागला नाही.

"हंडा न्हाई, हंडं म्हना. एकावर एक रचल्यालं."

"तुम्ही पाहिले?"

"मी कशाला बगू? बगनारा आंधळा हुतो."

"मग ज्याला सापडला तो आंधळा कसा झाला नाही?"

"त्याची बायको पायाळू हाय की." पायांकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतले धन दिसते, असा त्या भागात पक्का समज होता.

दुसऱ्याला हे पटले नाही. "बायकूचं काय घेऊन बसलाय. तो मिलट्रीत हुता. तिकडं सुरुंग हुडकायचं यंत्र असतं, कानाला लावायचं. जमिनीत लोखंड असलं की बोलतं. ते आनलंय त्यानं चोरून."

"लोखंडाला बोलतं ना? मग सोन्याला कसं बोलेल?"

"सोन्याला मोठ्यानं बोलत असंल."

पहिला मोठ्याने हसला आणि मग आवाज उतरवून म्हणाला, माल केव्हाच गोदावरी ओलांडून निजामाच्या मुलखात गेला आहे. रिकामी विहीर बघायला जायची असेल तर खुशाल जा.

गावात पोहोचलो तेव्हा चावडीसमोर पोलीस पाटील बाजेवर बसले होते. पन्नाशीचा, अंगाने भरलेला, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी आधी माझ्या पिशवीकडे पाहिले.

"पेपरवाले म्हंजी सरकारच्या बाजूचे का इरुद्ध?"

"बातमीच्या बाजूचे."

"म्हंजी दोनीकडून जेवनारे."

त्यांनी गुळाचा चहा मागवला आणि हकीकत सांगितली. फौजेतून परत आलेल्या या माणसाने उन्हाळा लागताच नदीलगतच्या शेतात विहीर काढायला घेतली. काम चांगले चालले होते. मग एके दिवशी त्याने खड्ड्यावर ताडपत्री ओढली, खोदणाऱ्या माणसांना लवकर घरी पाठवले, आणि संध्याकाळी पारावर येऊन चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगितले, विहिरीत हंडा निघाला. पाटलांनी काम थांबवले, खड्ड्यावर राखण बसवली आणि मामलेदारांना वर्दी दिली. जमिनीतले धन सरकारचे असते. परवा मामलेदार येणार होते.

"हंडा पाहिला कुणी?"

"त्यानं. दाखवला न्हाई कुनाला. दाखवील कसा?"

"तुमचं आणि त्याचं नातं?"

"चुलतभावाचा पोरगा. शेताला शेत लागून हाय." पाटील थांबले. "नात्याचा आन् वर्दीचा काय संबंध?"

मी काही संबंध आहे असे म्हटले नव्हते. बांध लागून आहे एवढे लक्षात ठेवले.

शेत गावापासून जवळच होते. प्रवरेचा काठ तिथे उंच आहे आणि पाण्याने कापल्यामुळे मातीचे थर उभे दिसतात. वर काळी माती, तिच्याखाली जाड पिवळी, आणि तिच्याही खाली चुनखडीने एकमेकांना घट्ट चिकटलेल्या गोट्यांचा थर. खड्डा त्या गोट्यांपर्यंत गेला होता. बाजूला घडीव दगडांची रास होती. बाभळीखाली दोन राखणदार आणि त्यांच्यापासून चार हात दूर विहिरीचा मालक बसला होता. राखणदार त्याच्यावर नजर ठेवून होते आणि तो त्यांच्यावर.

तिशीचा माणूस. खाकी अर्धी चड्डी, वर गावठी बंडी, पायात लष्करी बूट. तो उठून ताठ उभा राहिला, पण पहिल्याने त्यानेच विचारले, "कागद?"

मी साप्ताहिकाचे ओळखपत्र दिले. त्याने ते उलटसुलट पाहिले, उन्हात धरले, आणि परत दिले.

"काकांनी धाडलं तुमाला?"

"संपादकांनी. हंडा कुठे आहे ते सांगा."

"अंडा व्हय? घरी डब्यात हाय."

"डब्यात हंडा मावतो?"

"फुटल्याला हाय. तुकडं हायेत."

"हंडा फुटला? मग आतलं?"

"आत काय असनार? पिलू?"

तो मला मूर्ख समजत होता आणि मी त्याला बनेल. मग त्याने घराकडे पाहून हाक मारली. त्याची बायको बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. ती डबा हातात धरूनच उभी राहिली. देऊ की नको, असे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. तिने मला नीट पाहून घेतले आणि मग झाकण काढले.

डब्यात कापसावर फिकट पिवळट तुकडे होते. कवडीएवढे, काही त्याहून मोठे, किंचित बाक असलेले. कोंबडीच्या अंड्याच्या टरफलापेक्षा कितीतरी जाड. वरून गुळगुळीत, पण बोट फिरवले की सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे लागत. एका चुनखडीच्या गोळ्यात एक तुकडा अर्धा रुतलेला होता.

"हाच अंडा," तो म्हणाला. "शुतुरमुर्गचा. तुमच्यात शहामृग म्हनत्यात."

बोभाटा कुठून निघाला ते तिथे कळले. फौजेत सहा-सात वर्षे हिंदुस्थानी बोलून त्याची जीभ वळली होती. त्याला अंडे म्हणायचे होते, पण तो म्हणे अंडा. आणि मराठीत अंडे निघते, हंडा निघतो. त्याने पारावर 'निघाला' म्हटले, तेव्हा ऐकणाऱ्यांनी क्रियापदावरून नाम दुरुस्त करून घेतले. मुद्रिते तपासताना मीही तेच केले असते.

तरी हा उलगडा झाला म्हणून माझा संशय गेला नाही. तो फक्त पुढच्या प्रश्नावर सरकला. नेवासे तालुक्यात शहामृग कुठून आला? आणि या माणसाने टरफलाचा तुकडा पाहताच तो ओळखला कसा?

त्याने सांगितले ते असे. लढाईत तो मिसरच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात पाण्याची लॉरी चालवत होता. विहिरी लांब, त्यांतल्या काही शत्रूने नासवलेल्या. पलटणीतल्या माणसांना मोजून पाणी मिळे आणि ते पोहोचवणे याचे काम. एकदा लॉरी वाळूत रुतली आणि ती निघेपर्यंत तो एका गोऱ्या साहेबाबरोबर थांबला. वाऱ्याने वाळू उडून गेलेल्या जागी असले तुकडे पसरलेले होते. जवळच दगडाची जुनी पाती पडलेली. साहेब म्हणाला, इथे एके काळी गवत होते, पाणी होते, हे पक्षी होते आणि माणसेही होती. पुढे सगळे सुकत गेले. आता तिथे पक्षी नाही, फक्त टरफले.

"तवाची मान्सं अंड्याला भोक पाडून त्यात पानी भरायची आन् वाळूत पुरून ठेवायची, असं सायब बोलला. मला ते ध्यानात राह्यलं. मी पान्याचीच लॉरी हाकीत हुतो. एक तुकडा खिशात घातला."

"तो आहे?"

तो घरात गेला आणि ट्रंकेतून तुकडा घेऊन आला. त्याने तो डब्यातल्या तुकड्यांशेजारी ठेवला. जाडी तीच, तेच टोचलेले खड्डे. रंग जरासा उजळ. "बगा, सारका हाय का न्हाई?"

तो हे पुरावा म्हणून दाखवत होता. मला ते त्याच्याविरुद्धच जाताना दिसले. एक तुकडा आणणारा माणूस डबाभर आणू शकतो. डबा बिस्किटांचा, लष्करी, म्हणजे तोही तिकडूनच आलेला. खड्ड्यात तुकडे निघताना पाहणारे कोणी नव्हते, कारण त्याने माणसे घरी पाठवली होती. का पाठवली, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, कुदळ घातली असती तर बाकीचे तुकडे पिठासारखे झाले असते. हाताने काढायचे होते. ताडपत्री का ओढली? ऊन लागून ते तडकत होते. प्रत्येक उत्तर बरोबर होते. बरोबर उत्तरे तयार ठेवणारी माणसे मी न्यायालयाच्या बातम्या देताना पाहिली होती.

"तुम्हाला यातून काय पाहिजे?" मी विचारले.

"पानी," तो म्हणाला. "पेपरात हे घाला. मृगाच्या आत इहीर बांधून झाली पायजे. गोट्याच्या खाली ओल हाय, हाताला लागती. पन ही पिवळी माती पावसात हुबी राह्यची न्हाई. एक रात्र पाऊस झाला की सगळा खड्डा बुजला. पुन्ना काढायची माजी ताकद न्हाई. फौजेतनं आनलेलं सगळं ह्यात घातलंय."

बायको म्हणाली, "आन् मी पायाळू न्हाई. आईला इचारून आले. तेबी घाला."

संध्याकाळी पाटलांना अंडा आणि हंडा यांतला फरक सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला.

"शहामृग," ते म्हणाले. "मृग म्हंजी नक्षत्र. न्हाईतर हरीन. ह्यातलं अंडं कोन घालतं?"

"पक्षी आहे तो. उंच, उंटासारखा."

"मृगासारका का उंटासारका, एक काय ते ठरवा."

पुतण्याला मिसरात साहेबाने काय सांगितले आणि तिथून त्याने एक तुकडा कसा आणला, तेही मी सांगितले. जुन्या काळी माणसे त्या अंड्यात पाणी भरून पुरून ठेवीत. ते सांगायला नको होते. पाटील बाजेवर पुढे सरकले.

"भरून पुरून ठेवीत. मंग तो हंडाच की. पान्याचा असो का कशाचा."

मामलेदार ठरल्या दिवशी घोड्यावरून आले. बारीक, खोकणारे, उन्हाने त्रासलेले गृहस्थ होते. त्यांनी खड्डा वरून पाहिला, डबा पाहिला, तुकडा नखाने खरवडून पाहिला. सगळे चावडीत बसले. हंड्याचा प्रश्न लवकर मिटला. मोहर सोडाच, मडक्याचा कानही कुणाला दाखवता येईना. लोक पांगू लागले. विहिरीच्या मालकाने सुटकेचा निःश्वास सोडलेला मी पाहिला. तो त्याने फार लवकर सोडला होता.

"आता हे टरफल," मामलेदार म्हणाले. "ही वस्तू जमिनीत निघाली असं तुमचं म्हणणं?"

"व्हय, रावसायब. गोट्यात निघाली."

"जुनी आहे?"

"लई जुनी. त्या वक्ताला हितं वाळवंट असंल, न्हाईतर त्याच्या जवळपासचं काय तरी."

"मग मला वर लिहावं लागेल. जुन्या वस्तू बघणारं खातं आहे, तिथून माणूस येईल. तोवर खड्ड्यात कुणी उतरायचं नाही, दगड लावायचा नाही."

"मानूस कवा यील?"

"दिवाळीनंतर. थंडी पडल्यावर ते फिरतीवर निघतात."

"आन् मृग?"

"मृगाला मी थांबवू शकत नाही."

विहिरीच्या मालकाची बायको खांबाआड उभी होती. त्याने डब्याकडे पाहिले, मग दाराबाहेर. मामलेदार खोकले आणि रुमालाने तोंड पुसून अगदी सपाट आवाजात म्हणाले, "जमिनीत निघालेली नसती तर गोष्ट वेगळी. तुमची वस्तू तुम्ही पेटीत ठेवा, नाहीतर फेकून द्या. सरकारला काही देणंघेणं नाही."

हे त्यांनी मुद्दाम सांगितले की सहज, याचा अंदाज मला आला नाही. चेहऱ्यावर काही नव्हते.

मदत आली ती नको त्या माणसाकडून. हंडा हातचा गेल्यामुळे पाटील चिडले होते आणि पुतण्याला गावापुढे खोटे पाडण्याची ही शेवटची संधी होती.

"रावसायब, कशाची जमीन आन् कशाचं वाळवंट. मिसरातनं आनलंय त्यानं सगळं. पेटीत तसलाच तुकडा हाय, ह्या पेपरवाल्यांना इचारा. गावात टेंभा मिरवायचा म्हनून खड्ड्यात टाकलं आन् वर काढलं. एक लंबरचा लबाड हाय."

मामलेदारांनी माझ्याकडे पाहिले. पेटीत तसाच एक तुकडा आहे, मी पाहिला, एवढे मी सांगितले. ते खरे होते.

विहिरीचा मालक काकांकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला काय दिसले ते काकांना अजून दिसले नव्हते.

"काका म्हनत्यात ते खरं हाय," तो म्हणाला. "मीच आनलं. मिसरातनं."

"सगळं?"

"सगळं. डब्यासकट."

"जमिनीत काही निघालं नाही?"

"गोटं निघालं. ते लई हायेत."

एक-दोघे हसले. कारकुनाने जबाब लिहिला. विहिरीच्या मालकाने सही केली ती रोमन अक्षरांत, फौजेत शिकवतात तशी. पाटील जिंकलेल्या माणसासारखे बसले होते. मामलेदारांनी खोदकामास हरकत नसल्याचे सांगितले आणि घोडा मागवला, तेव्हा पाटील एकदम उठले. "म्हंजी इहीर चालू?"

"तुम्हीच सिद्ध करून दिलंत, पाटील," मामलेदार म्हणाले.

चावडीबाहेर बायकोने नवऱ्याला गाठले. मी मागेच होतो.

"तुमी खोटं बोलला. सगळ्या गावापुढं."

"व्हय."

"उद्यापास्नं आपल्याला काय म्हनतील म्हाइती हाय?"

"म्हनू दे. इहिरीत म्हननं भरायचं न्हाई, पानी भरायचंय."

घरी जाऊन ती परत आली आणि चुनखडीचा तो गोळा, ज्यात टरफल रुतलेले होते, माझ्या हातावर ठेवला. "हे घेऊन जा, दादा. घरात नको. आन् तुमी तरी खरं काय त्ये बगा."

अंकात पाच ओळी गेल्या. हंडा निघाल्याचा बोभाटा निराधार. संबंधिताने परदेशातून आणलेल्या काही वस्तूंवरून गैरसमज. हे छापताना मला दोन्ही जबाबांचा संशय होता. पारावर बोलला ते खरे की चावडीत? चावडीत खोटे बोलण्याला कारण होते. पण पारावर खोटे बोलण्यालाही असू शकत होते. परदेशातून आलेल्या माणसाला गावाने ऐकावे असे वाटते.

पावसाळ्यात कामानिमित्त पुण्याला गेलो, तेव्हा गोळा बरोबर घेतला. एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक होते. त्यांना मी काहीच सांगितले नाही. कुठला तेही नाही. त्यांनी भिंगातून पाहिले, गोळा फिरवला, पुन्हा पाहिले.

"हा नदीकाठचा चुनखड. दख्खनचा. यातले काळे खडे आपल्याकडचे आहेत." मग त्यांनी भिंग टरफलावर आणले. "आणि हे शहामृगाचं अंडं."

"हे बाहेरून आणून त्यात चिकटवलेलं असेल?"

त्यांनी भिंग मला दिले. टरफलाच्या बारीक खड्ड्यांत चुना शिरून दगड झाला होता, आणि तोच चुना अखंड खड्यांमध्ये गेलेला होता. कुठे सांधा नव्हता. "गोळा बनत असताना हे त्यात होतं. असं व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही."

"किती जुनं?"

"हजारो वर्षं. किती हजार, ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही." त्यांनी खिडकीबाहेर पडणाऱ्या पावसाकडे पाहिले. "नगरचा तो भाग आजही कोरडा आहे. तेव्हा याहून कोरडा असणार. झाडं तुरळक, खुरटं गवत, नदीला पाणी कमी आणि वारा फार. पूर्ण वाळवंट म्हणणार नाही. पण वाळवंटाच्या उंबऱ्यावर होता. असे तुकडे या देशात इतरत्रही मिळालेले आहेत. तुमचा माणूस कोण? जागा दाखवील?"

विचारायला मीच गेलो, थंडीच्या सुरुवातीला. विहीर बांधून झाली होती. घडीव दगड गोट्यांच्या थराच्या खालपर्यंत गेले होते आणि त्याच्याही खाली पाणी होते, स्वच्छ, आकाश दिसेल असे. काठावर बायका पाणी ओढत होत्या. गावात त्याला आता कोणी मिलट्री म्हणत नव्हते, मिसरी म्हणत. गावात हा शब्द दात घासायच्या मिशरीलाही वापरत असल्याने थट्टेला अंत नव्हता.

प्राध्यापकांचे म्हणणे मी त्याला सांगितले. बायको शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले.

"म्हंजी आमी खरं बोलत हुतो," ती म्हणाली.

"तुम्ही खरं बोलत होता. ते लिहून द्यायला तयार आहेत. मी छापीन."

त्याने मान हलवली. "न्हाई."

"का?"

"सरकारला लिवून दिलंय, मी आनलं म्हनून. आता न्हाई आनलं म्हनलो तर तवा खोटं बोललो हुईल. मामलेदार पुन्ना येनार. आन् तुमच्या परोपेसरला जागा दावायची तर हे दगुड काढावं लागत्यात. कुनी काढनार? मी?"

"एक बाजू उघडून—"

"एक बाजू काढली की इहीर बसली. दादा, मी पाच वरसं पानी वाहिलंय. मोजून दिलंय मान्सास्नी. मला म्हाइती हाय पानी काय असतं. ते पाखरू गेलं, त्याला हितं पानी पुरलं न्हाई म्हनून गेलं असंल. मी आत्ता आलोय."

बायकोने पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. ती माझ्याकडे बघत नव्हती आणि नवऱ्याकडेही नाही.

प्राध्यापक एकदा येऊन गेले. त्यांनी विहिरीत डोकावून दगडाच्या चिऱ्यांकडे पाहिले, नदीच्या काठावर दोन दिवस फिरले, आणि दुसरा तुकडा न मिळताच परत गेले. एका गोळ्यावर ते काही जाहीर करायला तयार नव्हते. त्यांनाही संशय घेण्याची सवय होती. आमच्या साप्ताहिकात दुरुस्ती छापली गेली नाही, कारण ज्याच्याविषयी ती छापायची त्याला ती नको होती.

थंडीतल्या त्या भेटीनंतर मी गावातून निघालो त्या दुपारी पोलीस पाटील विहिरीवर आले होते. त्यांच्या विहिरीने त्या वर्षी लवकरच तळ दाखवला होता. मागे त्यांचा गडी खांद्यावर तांब्याचे मोठे भांडे घेऊन उभा होता. पाटील थोडा वेळ विहिरीकडे न बघता उभे राहिले, आणि मग ज्या आवाजात गावाला हुकूम देत त्याच आवाजात म्हणाले, "मिसरी, दोर सोड."

विहिरीच्या मालकाने भांड्याकडे पाहिले, मग काकांकडे. चेहऱ्यावर काही दिसू न देता त्याने दोर सोडला, भांडे भरून वर ओढून घेतले आणि काठावर ठेवले.

"घ्या, काका. निघाला हंडा."